झिटकाला-शा : हिरावलेल्या बालपणाची साक्षीदार

इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न चळवळीच्या वाचकांना नवा नाही. परंतु लहान मुलांसाठीचा इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. मोठ्या माणसाला खोटा इतिहास सांगितला तर तो कधी ना कधी पुरावा मागतो. आठ-दहा वर्षांचे मूल पुरावा मागत नाही. गोष्टीच्या पुस्तकातून जे आत शिरते ते त्याच्या मनात घर करून बसते आणि पुढे आयुष्यभर तेच त्याला सत्य वाटते. म्हणून ज्यांना आपले वर्चस्व टिकवायचे असते ते बालवाङ्मयाकडे कधीच दुर्लक्ष करीत नाहीत. दुर्लक्ष होते ते आपल्याकडून.

अमेरिकेतील एक उदाहरण घेऊ. १९९९ साली तिथल्या स्कॉलॅस्टिक या मोठ्या प्रकाशन संस्थेने अ‍ॅन रिनाल्डी या गोऱ्या लेखिकेची मुलांसाठीची ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध केली. १८८० साली पेन्सिल्वेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत आणलेल्या एका मूलनिवासी मुलीची ती काल्पनिक रोजनिशी. ही मुलगी सुरुवातीला बावरते, मग हळूहळू शाळेत रमते. वाचणाऱ्या मुलाच्या मनावर ठसा उमटतो तो असा की, घर सुटल्याचे थोडे दुःख झाले खरे, पण शेवटी मुलीचे भलेच झाले. या पुस्तकातील काही मुलांची नावे लेखिकेने कुठून घेतली? कार्लाइलच्या दफनभूमीतील थडग्यांवरून! जी मुले त्या शाळेत आली आणि आपल्या आईकडे कधीच परतली नाहीत, त्यांचीच नावे शाळेचे गोडवे गाणाऱ्या गोष्टीला वापरली गेली. नऊ अभ्यासक स्त्रियांनी, ज्यात अनेक मूलनिवासी होत्या, एकत्र येऊन या पुस्तकाची ओळ न् ओळ तपासणारी दीर्घ समीक्षा लिहिली आणि त्यातले असत्य उघडे पाडले.

वास्तविक त्या काळातील मूलनिवासी मुलीची कहाणी कल्पनेने रचण्याची गरजच नव्हती. ती लिहिली गेलेली होती. अशाच एका शाळेत आठव्या वर्षी नेल्या गेलेल्या आणि पुढे खुद्द कार्लाइलमध्ये शिक्षिका झालेल्या एका स्त्रीने ती या कादंबरीच्या तब्बल ९९ वर्षे आधी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. तिचे नाव झिटकाला-शा. या नावाचा अर्थ लाल पाखरू. सरकारदरबारी तिचे नाव गर्ट्रूड सिमन्स, आणि लग्नानंतर गर्ट्रूड बॉनिन. या दोन नावांमध्येच तिच्या आयुष्याचा सगळा संघर्ष सामावला आहे.

झिटकाला-शाचा जन्म २२ फेब्रुवारी १८७६ रोजी, आजच्या साउथ डकोटा राज्यातील यँक्टन वसाहतीत झाला. यँक्टन हा डकोटा लोकांचा एक समूह. गोरे लोक डकोटा आणि त्यांचे भाऊबंद असलेल्या लाकोटांना सरसकट सू म्हणत, आणि कोलंबसाच्या चुकीमुळे साऱ्याच मूलनिवासींना इंडियन हे नाव चिकटले होते. १८५८ च्या तहाने यँक्टनांची १ कोटी १० लाख एकरांहून अधिक जमीन अमेरिकन सरकारच्या घशात गेली होती. त्यांच्याकडे उरली अवघी ४ लाख ३० हजार एकर. ज्या वर्षी ही मुलगी जन्मली, त्याच वर्षी जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या सैन्याचा पाडाव केला. तो त्यांचा शेवटचा मोठा विजय ठरला. त्यानंतर रणांगणावरचे युद्ध सरत आले आणि मुलांच्या मनावरचे युद्ध सुरू झाले.

वडील गोरे होते. ते कुटुंब सोडून निघून गेले. मुलीला वाढवले ते आईने. मिझुरी नदीच्या परिसरात, कॅनव्हासच्या तंबूत तिचे पहिले आठ वर्षांचे आयुष्य गेले. आईबरोबर नदीवरून पाणी आणणे, आईच्या शेजारी बसून मण्यांची नक्षी शिकणे, संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या तोंडून इकतोमी नावाच्या लबाड कोळ्याच्या गोष्टी ऐकणे, हे तिचे शिक्षण. पुढे झिटकाला-शा यांनी या शिक्षणाबद्दल लिहिताना एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. मण्यांची नक्षी कोणती काढायची हे आई तिला ठरवू देत असे, चुकले तर रागावत नसे, लहान माणसाचाही मान राखत असे. ज्या लोकांना गोरे लोक रानटी म्हणत होते, त्यांच्या घरात मुलाच्या स्वाभिमानाला असा जपणारा संस्कार होता!

१८८४ साली दोन मिशनरी वसाहतीत आले. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेसाठी मुले गोळा करीत होते. शाळा होती शेकडो मैल दूर, इंडियाना राज्यातील वॉबॅश येथे. तिचे नावच मुळी हातकामाची शाळा असे होते. मुलांना सांगितले गेले की, तिकडे लाल सफरचंदांच्या बागा आहेत, हवी तेवढी फळे तोडून खाता येतात, आणि आगगाडीत बसायला मिळते. आठ वर्षांच्या मुलीने सफरचंद आयुष्यात फार तर दहा-बारा वेळा चाखले असेल. तिने हट्ट धरला. आईचा विरोध होता, पण अखेर तिने परवानगी दिली. आईचा हिशोब साधा होता. आपल्या जमिनी लुटणाऱ्यांनी त्या लुटीची परतफेड मुलांना शिकवून करायला आता उशिरा का होईना सुरुवात केली आहे, आणि जेव्हा इथे गोऱ्यांचीच गर्दी होईल तेव्हा मुलीला हे शिक्षण लागेल. त्याच वेळी त्या आईला हेही कळत होते की आपण मुलीला दुःखाच्या वाटेला लावत आहोत. शोषित समाजातील आई-बापांपुढे इतिहासाने हा पेच पुन्हा पुन्हा टाकला आहे. मूल घरी ठेवावे तर अडाणी राहणार, पाठवावे तर परके होणार.

त्या खेपेला आठ मुले निघाली. आगगाडीत गोरे प्रवासी त्यांच्याकडे बोट दाखवून बघत होते, गोऱ्यांची मुले त्यांच्या पायातल्या मोकॅसिनची टिंगल करीत होती. रात्री बर्फात शाळा आली. सगळीकडे लख्ख दिवे, पांढऱ्या भिंती, लाकडी जमिनीवर टणक बुटांचा खडखडाट. आई म्हणून आक्रोश करणाऱ्या मुलीची भाषाच कुणाला कळत नव्हती, आणि ज्या मोठ्या मुलांना कळत होती त्यांनाही तिची समजूत घालता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी केस कापले गेले. डकोटा रिवाजाप्रमाणे केस आखूड करीत ते फक्त सुतकात, आणि शत्रूच्या हाती सापडलेल्या भ्याडाचे केस शत्रू कापत असे. हे त्या मुलीला आईने शिकवलेले होते. आज केस कापणार, ही कुणकुण एका मैत्रिणीकडून लागताच ती वरच्या मजल्यावरच्या एका अंधाऱ्या खोलीत पलंगाखाली जाऊन लपली. तिला ओढून काढले, लाथा झाडत असताना खाली नेले, खुर्चीला बांधले आणि तिच्या वेण्या कात्रीने कापून टाकल्या. शाळेच्या लेखी ती स्वच्छता होती. त्या मुलीच्या लेखी तो पराभव होता, आणि तोही कुणी समजूत काढायला जवळ नसताना झालेला. आईच्या घरी तिच्याशी कुणीतरी बोलून, कारण सांगून वागत असे. इथे ती कळपातले एक जनावर झाली होती.

पुढची तीन वर्षे घंटेवर गेली. पहाटे साडेसहाला घंटा, मग हजेरी, मग काम. अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस धुणी, स्वयंपाक, शिवण, शेत. हजेरीला उशीर झाला तर कोऱ्या चौकटीत काळी रेघ. एक मुलगी आजाराने खंगत मेली तेव्हा तिच्या अंथरुणात उघडे बायबल होते आणि झिटकाला-शा जवळ रडत उभी होती. पण या मुलीने मान तुकवली नाही. शाळेने तिला सैतानाच्या गोष्टी सांगून घाबरवले. तिने पुस्तकातल्या सैतानाच्या चित्राचे डोळेच खरवडून काढले. एकदा शिक्षा म्हणून तिला भाजीसाठी उकडलेले सलगम कुटायला लावले. तिने हुकूम इतका तंतोतंत पाळला की भांड्याचा तळ फुटून सगळे सलगम जमिनीवर आले. आज्ञा पाळूनही बंड करता येते, हे तिला त्या वयात उमगले होते.

तीन वर्षांनी घरी परतली तेव्हा ती कुठलीच राहिली नव्हती. आईला वाचता येत नव्हते, मुलीला आता तंबूतले जगणे जमत नव्हते. वेदनेची गोष्ट अशी की, ज्या शाळेने तिला तोडले त्याच शाळेकडे ती स्वतःहून परत गेली. १८९५ साली ती तिथून उत्तीर्ण झाली, आणि आईच्या मनाविरुद्ध अर्लहॅम या महाविद्यालयात दाखल झाली. १८९६ साली इंडियाना राज्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती महाविद्यालयाच्या वतीने उभी राहिली. सभागृहात विरोधी महाविद्यालयाच्या मुलांनी मूलनिवासी स्त्रीला उद्देशून शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द लिहिलेला झेंडा फडकवला. तिने त्या झेंड्यासमोर भाषण केले आणि दुसरे बक्षीस घेतले. ज्या इंग्रजीचा एक शब्दही बारा वर्षांपूर्वी तिला येत नव्हता, त्या इंग्रजीत तिने हे बक्षीस मिळवले होते. आजारपणामुळे १८९७ मध्ये शिक्षण अर्धवट राहिले आणि ती कार्लाइलच्या शाळेत शिक्षिका झाली.

ही कार्लाइलची शाळा काय प्रकार होता हे समजून घेतले पाहिजे. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली रिकाम्या लष्करी बराकींत ती सुरू केली. त्याआधी तो फ्लोरिडातील किल्ल्यात मूलनिवासी युद्धकैद्यांवर पहारा करीत होता. कैद्यांचे केस कापून, गणवेश चढवून, त्यांना इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग त्याने तिथे केला आणि तोच पुढे मुलांवर केला. म्हणजे या शिक्षणपद्धतीचा उगमच मुळी तुरुंगात आहे! प्रॅटचे तत्त्वज्ञान त्याने १८९२ साली उघडपणे मांडले. मूलनिवासीतला माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला मूलनिवासी मारला पाहिजे, असा त्याचा आशय होता. लक्षात घ्या, हा माणूस स्वतःला मूलनिवासींचा मित्र समजत असे. त्याला समकालीनांत उदारमतवादी मानले जाई, कारण दुसऱ्या बाजूला मूलनिवासींना सरळ ठार मारा म्हणणारे लोक होते. मुले शाळेत आली की त्यांचे एक छायाचित्र आणि काही महिन्यांनी केस कापून, कोट घालून दुसरे छायाचित्र, अशा जोड्या काढून देणगीदारांना दाखवल्या जात.

प्रॅटने या नव्या शिक्षिकेला तिच्याच वसाहतीत मुले गोळा करायला पाठवले. जे काम त्या दोन मिशनऱ्यांनी केले, ते आता तिने करायचे होते. घरी गेल्यावर झिटकाला-शा यांनी काय पाहिले? आईचे घर मोडकळीला आलेले. भावाची सरकारी कारकुनाची नोकरी गेलेली आणि त्या जागी गोरा माणूस आलेला. भोवती गोऱ्या वसाहतवाल्यांचे दिवे रोज जवळ सरकत चाललेले. शिकलेल्या भावाला शिक्षणाने न्याय मिळवून दिला नव्हता. मग ही शाळा कशासाठी? कार्लाइलला परतल्यावर शाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडे त्या वेगळ्या नजरेने बघू लागल्या. पाहुणे येत, मुलांच्या वह्या बघत, समाधानाने मान डोलावत आणि जात. या नीटनेटकेपणाच्या खाली जिवंत मूल आहे की मेलेले, असे कुणी विचारत नव्हते.

त्यांनी कार्लाइल सोडले. बोस्टनला जाऊन त्या व्हायोलिन शिकू लागल्या आणि लिहू लागल्या. गर्ट्रूड हे नाव बाजूला ठेवून झिटकाला-शा हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिले. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च १९०० या तीन महिन्यांत ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकेतील प्रतिष्ठित मासिकात त्यांचे तीन लेख आले. एक घरच्या बालपणावर, दुसरा शाळेच्या दिवसांवर, तिसरा शिक्षिकेच्या अनुभवावर. वर सांगितलेला सफरचंदांचा, वेण्यांचा, सलगमांचा प्रसंग या लेखांतला आहे. हे लेखन म्हणजे रूक्ष तक्रारअर्ज नव्हे. आठवणींची निवड करून, त्यांना कथेचा घाट देऊन त्यांनी ते रचले आहे. अभ्यासक त्याला अर्धे आत्मकथन आणि अर्धी कथा मानतात. ही मुलगी बायबलातल्या गोष्टी ऐकत वाढली होती. सफरचंदाच्या मोहाने स्वर्गातून हाकलले जाण्याची गोष्ट तिला ठाऊक होती. मात्र इथे सफरचंद घेऊन येणारे स्वतः मिशनरी होते! ज्यांनी बायबल शिकवले त्यांचीच गोष्ट त्यांच्यावर उलटवण्याची ही ताकद होती.

कार्लाइलच्या शाळेला हे झोंबले. शाळेच्या स्वतःच्या वृत्तपत्रांतून लेखिकेवर कृतघ्नपणाचा ठपका आला. आम्ही शिकवले म्हणून लिहिता आले आणि आता आमच्यावरच उलटली, असा एकूण सूर होता. दुसऱ्या वर्षी ‘हार्पर्स’ मासिकात त्यांची एक कथा आली. शाळेतून ख्रिस्ती होऊन परतलेला आणि भुकेल्या बापासाठी शिकारही करू न शकणारा तरुण तिचा नायक. त्यावर शाळेने आणखी आगपाखड केली. उपकाराची भाषा ही अशी असते. ज्याचे सर्वस्व घेतले त्यालाच कर्जदार ठरवायचे आणि त्याने तोंड उघडले की कृतघ्न म्हणायचे. चळवळीच्या वाचकांना याचा अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

१९०१ साली त्यांचे पहिले पुस्तक आले, आणि ते मुलांसाठी होते. लहानपणी शेकोटीभोवती ऐकलेल्या इकतोमीच्या आणि इतर १४ गोष्टी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. चित्रे काढली अँजेल डी कोरा या विनेबागो चित्रकर्तीने. तिलाही लहानपणी घरापासून दूर, हॅम्प्टनच्या शाळेत नेण्यात आले होते. निवासी शाळेतून गेलेल्या दोन स्त्रियांनी मिळून मुलांसाठी पुस्तक केले, आणि शाळेने जे पुसायला घेतले होते नेमके तेच त्यात लिहिले. या गोष्टी काळ्या केसांच्या मूलनिवासी मुलांच्या जितक्या, तितक्याच निळ्या डोळ्यांच्या मुलांच्याही आहेत, अशी त्यांची प्रस्तावनेतली भूमिका होती. म्हणजे दोन्हीकडच्या मुलांनी ते वाचावे, ही त्यांची इच्छा होती. मूलनिवासी मुलाला त्यातून आपले गमावलेले मिळावे आणि गोऱ्या मुलाला समोरचा माणूस दिसावा, असा तो प्रयत्न होता.

१९०२ साली रेमंड बॉनिन या यँक्टन तरुणाशी त्यांचे लग्न झाले. पुढची सुमारे १४ वर्षे युटा राज्यातील युट लोकांच्या वसाहतीत गेली. लेखन मंदावले, मुलगा झाला, पण संघर्ष थांबला नाही. १९१३ साली विल्यम हॅन्सन या संगीतकाराबरोबर त्यांनी सूर्यनृत्यावर आधारित संगीतिका रचली आणि ती युटातील व्हर्नल गावी रंगमंचावर आली. सूर्यनृत्याच्या मूळ विधीवर तेव्हा सरकारची बंदी होती. वसाहतीत जे करणे गुन्हा होते ते रंगमंचावर गोऱ्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले.

१९१६ साली सोसायटी ऑफ अमेरिकन इंडियन्स या मूलनिवासींच्या स्वतःच्या संघटनेच्या त्या सचिव झाल्या आणि वॉशिंग्टनला आल्या. संघटनेच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. पहिल्या महायुद्धात हजारो मूलनिवासी अमेरिकेसाठी लढले होते, आणि तरीही त्यांतील अनेकांना नागरिकत्व नव्हते. ज्यांची ही भूमी, तेच इथे परके! नागरिकत्वासाठी त्या लिहीत राहिल्या, भाषणे देत राहिल्या. अखेर २ जून १९२४ रोजी सर्व मूलनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा झाला. पण कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी १९४८ पर्यंत त्यांना मताचा अधिकार नाकारला.

त्याच वर्षी, १९२४ मध्ये, दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ओक्लाहोमातील चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथे मूलनिवासींच्या जमिनीखाली तेल निघाले होते. न्यायालये या मालकांवर गोरे पालक नेमत आणि ते पालक संपत्ती गिळत. झिटकाला-शा यांनी लिहिलेल्या भागात पुन्हा लहान मुलीच आहेत. तेलाच्या जमिनीची मालकीण असलेली एक सात वर्षांची चोक्टॉ अनाथ मुलगी आजीबरोबर मोडक्या झोपडीत उपाशी राहिली आणि मेली. वॉबॅशच्या शाळेतल्या त्या मुलीने चाळीस वर्षांनंतर दुसऱ्या मुलीच्या मृत्यूची साक्ष नोंदवली होती. मूलनिवासींच्या प्रश्नाची सरकारी चौकशी व्हावी असा जो दबाव त्या काळात तयार झाला, त्यात या अहवालाचा वाटा होता. १९२८ साली मेरियम अहवाल आला. त्यात निवासी शाळांतील गर्दी, मुलांकडून करून घेतले जाणारे कष्ट आणि उपासमार यांवर ताशेरे होते. एका मुलाच्या दिवसभराच्या अन्नावर सरासरी ११ सेंट खर्च होत होते! जे एका स्त्रीने १९०० मध्ये लिहिले तेव्हा ते कृतघ्नपणाचे ठरले, ते तज्ज्ञांनी २८ वर्षांनी लिहिले तेव्हा ते अहवाल ठरले.

झिटकाला-शा यांची आरती ओवाळणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांच्याही भूमिकेत विसंगती होती. पेयोटी या वनस्पतीच्या सेवनावर आधारलेला एक धर्मपंथ मूलनिवासींत वाढत होता. ती वनस्पती घातक आहे अशा समजुतीने तिच्यावर बंदी आणावी म्हणून १९१८ साली त्यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. जिच्या पूर्वजांच्या श्रद्धेवर सरकारने बंदी आणली, तिनेच दुसऱ्या मूलनिवासींच्या श्रद्धेविरुद्ध सरकारचा दंडा मागितला, ही गोष्ट लपवून चालणार नाही. शाळेने मनावर उमटवलेले ठसे बंडखोराच्या मनातूनही सहज पुसले जात नाहीत, एवढेच यातून दिसते.

१९२१ साली त्यांचे जुने लेख आणि कथा एकत्र करून पुस्तक निघाले. १९२६ साली पतीबरोबर त्यांनी नॅशनल काउन्सिल ऑफ अमेरिकन इंडियन्स ही संघटना स्थापन केली आणि अखेरपर्यंत त्या तिच्या अध्यक्ष राहिल्या. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनमध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पती लष्करात होते म्हणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. म्हणजे राष्ट्राने त्यांना तिथे स्थान दिले ते एका सैनिकाची पत्नी म्हणून. त्यांचे लेखन त्यानंतर बराच काळ विस्मृतीत गेले. १९८५ साली नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने त्यांची पुस्तके पुन्हा छापली, तेव्हा नव्या पिढीला ती मिळाली.

आता अमेरिकेने थोडीफार कबुली दिली आहे. केंद्र सरकारच्या अंतर्गत व्यवहार खात्याने २०२४ मध्ये पूर्ण केलेल्या चौकशीत, सरकारने चालवलेल्या वा पोसलेल्या ४१७ निवासी शाळा आणि त्यांत मेलेली किमान ९७३ मुले नोंदवली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी या शाळांबद्दल माफी मागितली. डिसेंबरमध्ये कार्लाइलची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या २५ सेंटच्या नाण्यावर झिटकाला-शा यांची प्रतिमा आली. नाण्यावर चेहरा येणे सोपे असते. त्या चेहऱ्याने काय लिहिले ते शाळेच्या पुस्तकात येणे अवघड असते.

सुदैवाने बालवाङ्मयात आता त्यांचा वारसा चालवणारे लेखक आले आहेत. शेजारच्या कॅनडातही अशाच निवासी शाळा होत्या. तिथे ओलेमॉन या मुलीच्या आठवणींवरचे पुस्तक २०१० साली आले. तिला वाचायला शिकायचे होते, म्हणून ती स्वतः हट्ट करून शाळेत गेली. सफरचंदाच्या जागी इथे पुस्तक होते, एवढाच फरक. २०१६ साली जेनी के ड्युपी यांनी आपल्या आजीच्या अनुभवावर सहलेखिकेसह चित्रपुस्तक लिहिले. त्यातल्या मुलीचे नाव काढून घेऊन तिला क्रमांक दिला जातो. त्याच वर्षी डेव्हिड रॉबर्टसन यांचे पुस्तक आले. त्यात नात आजीला विचारते की तू केस इतके लांब का ठेवतेस, आणि आजी सांगते की शाळेत ते कापले गेले होते. वॉबॅशच्या त्या खुर्चीवर पडलेल्या वेण्यांची ही १३२ वर्षांनंतरची गोष्ट आहे. ही पुस्तके मुलांपासून क्रूरता लपवत नाहीत आणि मुलांना घाबरवतही नाहीत. त्यांत मूल एकटे नसते. त्याच्या मागे आई असते, आजी असते, भाषा असते, नाव असते.

फरक नेमका इथेच आहे. उपकारकर्त्याने लिहिलेल्या गोष्टीत मूल शाळेत आल्यावर जन्माला येते. त्याआधी त्याला जणू घरच नव्हते. झिटकाला-शा यांनी शाळेवर लिहिण्याआधी पूर्ण एक लेख आईच्या घरावर लिहिला तो यासाठीच. काय हिरावले गेले हे आधी सांगितल्याशिवाय कोणी हिरावले हे सांगण्याला अर्थ राहत नाही.

तेव्हा मुलांच्या हाती कुठल्याही शोषित समाजाच्या इतिहासावरचे गोष्टीचे पुस्तक देताना आधी आपण ते वाचावे आणि तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट सांगतो कोण? त्यातल्या मुलाला शाळेआधीचे घर आहे काय? आणि पुस्तक मिटल्यावर वाचणाऱ्या मुलाच्या मनात आदर कोणाविषयी उरतो, केस कापणाऱ्या हाताविषयी की पलंगाखाली लपलेल्या त्या मुलीविषयी? आपल्या गोष्टी आपण लिहिल्या नाहीत तर दुसरे कोणी तरी त्या लिहिणारच आहे, आणि पात्रांची नावे तो आपल्याच थडग्यांवरून घेणार आहे.